ऑनलाइन उत्पादन-समीक्षेतील व्यापारचिन्हांचा वापर

ऑनलाइन उत्पादन-समीक्षेतील व्यापारचिन्हांचा वापर हा भारतातील व्यापारचिन्ह कायदा, मालाच्या निंदेविषयीचा कायदा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य या तिन्हींच्या सीमेवरचा विषय आहे. एखाद्या उत्पादनाचे परीक्षण करताना किंवा दोन उत्पादनांची तुलना करताना त्यांची नोंदणीकृत नावे घ्यावीच लागतात. उत्पादन ओळखता यावे एवढ्यापुरते असे नाव घेणे भारतात बेकायदेशीर नाही. वाद निर्माण होतो तो नाव घेऊन केलेले विधान असत्य असेल, नाव घेणारा त्या मालाचा प्रतिस्पर्धी असून त्याने ही गोष्ट लपविली असेल, किंवा नावाच्या लौकिकाचा गैरलाभ घेतला जात असेल तेव्हा. या विषयावरील भारतातील सर्वाधिक चर्चिला गेलेला खटला, मॅरिको लिमिटेड विरुद्ध अभिजीत भन्साळी, मुंबई उच्च न्यायालयात २०२० मध्ये हाताळला गेला.

पार्श्वभूमी

भारतात व्यापारचिन्हांचे नियमन व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ या कायद्याने होते. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि ती दर दहा वर्षांनी नूतनीकृत करता येते. चिन्ह नोंदणीकृत नसले तरी दीर्घ वापरामुळे मिळालेल्या लौकिकाचे संरक्षण मागता येते. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याविरुद्धचा हा दावा कलम २७ ने अबाधित ठेवला आहे.

व्यापारचिन्हाचे मूळ काम मालाचा उगम सांगणे हे आहे. खोबरेल तेलाच्या बाटलीवरील नाव ग्राहकाला ती कोणी भरली हे सांगते. चिन्हाची नोंदणी झाली म्हणजे तो शब्द भाषेतून कंपनीच्या मालकीचा होत नाही. इतरांनी तो शब्द आपल्या मालावर लावून ग्राहकाची फसगत करू नये, एवढ्यापुरता मालकाला अनन्य अधिकार मिळतो. म्हणूनच ‘अमुक कंपनीचा पंप दोन हंगामांत बिघडला’ असे लिहिणारा ग्राहक त्या नावाचा वापर चिन्ह म्हणून करीत नाही, तर वस्तूकडे बोट दाखविण्यासाठी करतो.

वृत्तपत्रांच्या काळात परीक्षण आणि जाहिरात या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या ओळखता येत. ऑनलाइन माध्यमांत हा भेद पुसट झाला. एकच व्यक्ती उत्पादन वापरते, त्यावर मत देते, दर्शकसंख्येवर उत्पन्न मिळवते आणि कधी खरेदीच्या दुव्यावर दलालीही घेते. अशा व्यक्तीचे बोलणे ग्राहकाचे मत मानावे की व्यापारी जाहिरात, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

कायद्यातील तरतुदी

अधिनियमाचे कलम २९ चिन्हाचे उल्लंघन कशाने होते हे सांगते. त्याच्या पहिल्या चार पोटकलमांत ‘व्यापाराच्या ओघात’ केलेला वापर ही अट आहे. सारखे चिन्ह सारख्या मालावर वापरून संभ्रम निर्माण करणे हा उल्लंघनाचा नेहमीचा प्रकार होय. पोटकलम ४ हे भारतात लौकिक असलेल्या चिन्हांना वेगळ्या प्रकारच्या मालाच्या बाबतीतही संरक्षण देते.

समीक्षा आणि तुलना यांच्या दृष्टीने पोटकलम ८ महत्त्वाचे आहे. नोंदणीकृत चिन्हाची जाहिरात पुढीलपैकी कोणत्याही एका प्रकारची असेल तर या पोटकलमानुसार उल्लंघन होते:

- ती प्रामाणिक व्यापारी व्यवहारपद्धतीच्या विरुद्ध असून अनुचित फायदा घेणारी असणे;
- चिन्हाच्या वेगळेपणाला बाधा आणणारी असणे;
- चिन्हाच्या लौकिकाच्या विरुद्ध असणे.

ज्या चिन्हात शब्दांचा समावेश आहे, त्याचे उल्लंघन लेखी वापराप्रमाणेच उच्चाराने आणि दृश्य रूपानेही होऊ शकते, असे पोटकलम ९ सांगते. व्हिडिओतील तोंडी उल्लेखांना ही तरतूद लागू करण्याचा प्रयत्न त्यामुळे होतो.

या अधिकाराची मर्यादा कलम ३० मध्ये आहे. मालकाचा माल त्याचाच म्हणून ओळखण्यासाठी कोणीही त्याचे चिन्ह वापरू शकतो. मात्र तो वापर प्रामाणिक व्यवहारपद्धतीला धरून हवा आणि त्याने चिन्हाच्या वेगळेपणाला किंवा लौकिकाला अनुचितपणे झळ पोहोचता कामा नये. तुलनात्मक जाहिरात आणि परीक्षण या दोहोंचा वैधानिक आधार याच कलमात शोधला जातो. सुटे भाग व उपसाधने यांच्याबाबत, मूळ मालाशी जुळते हे सांगण्यासाठी नाव घेणे वाजवीपणे आवश्यक असेल तर तेही याच कलमाखाली चालते. ही आवश्यकता न्यायालये बारकाईने तपासतात. प्रेशर कुकरच्या गॅस्केटवर ‘हॉकिन्स’ हे नाव छापण्यावरून हॉकिन्स कुकर्सने मुरुगन एंटरप्रायझेसविरुद्ध केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००८ मध्ये असे नाव घेणे आवश्यक नव्हते असा निर्णय दिला.

मालाची निंदा

व्यापारचिन्हाच्या दाव्याबरोबर बहुधा मालाच्या निंदेचाही दावा केला जातो. हा दावा चिन्हावर अवलंबून नसतो. त्यासाठी वादीने साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: विधान असत्य आहे, ते दुष्ट हेतूने किंवा खरेखोटे न पाहता बेपर्वाईने केले आहे, आणि त्यामुळे विशेष नुकसान झाले आहे.

व्यापाऱ्याने आपल्या मालाची अतिशयोक्त स्तुती केली तर कायदा ती खपवून घेतो. ‘माझा माल सर्वोत्तम’ असे म्हणता येते, आपल्या मालाचे गुण दुसऱ्याच्या मालाशी ताडून दाखविताही येतात; परंतु त्याचा माल वाईट आहे असे म्हणून त्याची निंदा करता येत नाही. ‘उजाला’ आणि ‘रॉबिन ब्लू’ या निळींच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने मांडलेले हे सूत्र पुढील अनेक निवाड्यांत उद्धृत झाले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१० मध्ये डाबर विरुद्ध कलरटेक या डासरोधक मलमांच्या वादात त्याची पुनर्मांडणी केली. जाहिरात ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली संरक्षित असली तरी ती असत्य, दिशाभूल करणारी किंवा फसवी असता कामा नये, असे त्या निकालाचे सार आहे. जाहिरातीला मिळणाऱ्या या संरक्षणाचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या मुंबईतील दूरध्वनी-पुस्तिकेच्या वादात घातला होता.

नाव न घेताही निंदा होऊ शकते. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘अमूल’ आइस्क्रीमच्या जाहिरातींना मनाई केली. त्या जाहिरातींत कोणत्याही स्पर्धकाचे नाव नव्हते, तर ‘फ्रोझन डेझर्ट’ या संपूर्ण वर्गाविषयी विधान होते. खंडपीठाने हा आदेश २०१८ मध्ये कायम ठेवला. चिन्हाचे नाव टाळले म्हणजे दायित्व टळते असे नाही, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

मॅरिको विरुद्ध भन्साळी

मॅरिको ही मुंबईस्थित कंपनी ‘पॅराशूट’ या नोंदणीकृत नावाने खोबरेल तेल विकते. ‘बिअर्डेड चोकरा’ या यूट्यूब वाहिनीचे चालक अभिजीत भन्साळी यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. पॅराशूट खोबरेल तेल शंभर टक्के शुद्ध आहे काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारला होता. व्हिडिओत पॅराशूट तेलाच्या वासाविषयी व दर्जाविषयी प्रतिकूल विधाने होती, तसेच ते गोठवून इतर तेलाशी केलेली तुलना होती.

ही तुलना समजण्यासाठी खोबरेल तेलाचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. वाळलेल्या खोबऱ्यापासून घाण्यात किंवा यंत्रात काढलेले तेल हा एक प्रकार, तर ओल्या नारळाच्या गरापासून वा दुधापासून काढलेले ‘व्हर्जिन’ तेल हा दुसरा. दोहोंचा वास, रंग आणि किंमत वेगवेगळी असते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. विदर्भात हिवाळ्यात बाटलीतील तेल थिजते ते याच कारणाने. दोन वेगळ्या प्रकारच्या तेलांची तुलना करून त्यांपैकी एकाला निकृष्ट ठरविता येईल का, हा खटल्यातील वादाचा एक भाग होता.

कंपनीने २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. व्हिडिओतील विधाने असत्य व निंदाजनक आहेत आणि ‘पॅराशूट’ या चिन्हाचा वापर उल्लंघन ठरतो, असे तिचे म्हणणे होते. प्रतिवादीने सत्यकथनाचा, ग्राहकहिताचा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला.

न्या. शाहरुख काथावाला यांनी १५ जानेवारी २०२० रोजी अंतरिम आदेशाने व्हिडिओ काढून टाकण्यास सांगितले. विधाने प्रथमदर्शनी असत्य असून ती बेपर्वाईने केली आहेत, व्हिडिओचे स्वरूप व्यावसायिक आहे आणि चिन्हाचा वापर त्याच्या लौकिकास बाधक आहे, असे मत त्यांनी नोंदविले. समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असलेल्या व्यक्तीच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. त्यामुळे सामान्य माणसाला असलेली बोलण्याची मोकळीक अशा व्यक्तीला तेवढ्याच प्रमाणात घेता येत नाही, हा या आदेशातील सर्वाधिक चर्चिला गेलेला मुद्दा होय.

प्रतिवादीने अपील केले. न्या. भूषण धर्माधिकारी व न्या. नितीन बोरकर यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये व्हिडिओ संपूर्ण हटविण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि काही आक्षेपार्ह भाग बदलून तो ठेवण्यास मुभा दिली. पुराव्याची छाननी होण्याआधीच व्हिडिओ पूर्णपणे काढायला लावणे म्हणजे अंतरिम टप्प्यावर जवळजवळ अंतिम निकाल देणे होय, असा खंडपीठाच्या भूमिकेचा आशय होता.

या दोन्ही आदेशांचा एकत्र विचार केला जातो. पहिला आदेश समीक्षकाच्या काळजीची पातळी उंचावतो, तर दुसरा न्यायालयाच्या अंतरिम हस्तक्षेपाची मर्यादा दाखवितो. दोन्ही आदेश अंतरिम टप्प्यावरचे असल्याने ‘समीक्षेत नाव घेणे म्हणजे उल्लंघन’ असा अंतिम सिद्धान्त त्यांतून निघत नाही.

इतर न्यायालयांचे निर्णय

टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस (२०११) या खटल्यात ओडिशातील धामरा बंदर आणि ऑलिव्ह रिडले कासवे यांच्या प्रश्नावर ग्रीनपीसने तयार केलेल्या ऑनलाइन खेळात टाटांचे नाव व चिन्ह वापरले होते. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. सार्वजनिक प्रश्नावरील टीकेत चिन्हाचा वापर, त्यात उपहास आणि अतिशयोक्ती असली तरी, सरसकट रोखता येणार नाही, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

डाबरने ‘रिअल’ या फळरसाच्या संदर्भात यूट्यूबर ध्रुव राठी यांच्या व्हिडिओविरुद्ध केलेल्या दाव्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ते उत्पादन दर्शविणारे आक्षेपार्ह भाग काढण्याचा आदेश दिला. डबाबंद फळरस या विषयावर बोलण्यास मनाई नव्हती. आक्षेप एका विशिष्ट नाममुद्रेला लक्ष्य करण्याला होता.

सॅन न्यूट्रिशन विरुद्ध अर्पित मंगल या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. अमित बन्सल यांनी एप्रिल २०२५ मध्ये उलट दिशेने निर्णय दिला. ‘डॉक्टर्स चॉइस’ या प्रथिनपूरक उत्पादनावर टीका करणाऱ्या समीक्षकांनी प्रयोगशाळेतील चाचण्यांचा आधार दिला होता. न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली आणि उत्पादन ओळखण्यासाठी केलेल्या नामोल्लेखात चिन्हाचे प्रथमदर्शनी उल्लंघन मानले नाही. २०२० आणि २०२५ मधील निकालांत दिसणारा फरक केवळ न्यायालयांच्या दृष्टिकोनाचा नाही, तर समीक्षकाने समोर ठेवलेल्या पुराव्याचाही आहे.

अंतरिम मनाईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी एंटरटेनमेंट या प्रकरणात सावधगिरीचा इशारा दिला. बदनामीचा आरोप असलेला मजकूर साक्षीपुराव्याआधीच रोखणे हा अपवाद असावा. मजकूर दुष्ट हेतूचा किंवा उघड असत्य असल्याचे दिसल्याशिवाय तसे करू नये, असे न्यायालयाने म्हटले.

समीक्षकाचे स्थान

एकच वाक्य कोण म्हणतो यावर त्याचे कायदेशीर मूल्य बदलते. या दृष्टीने समीक्षकांचे तीन वर्ग पडतात.

स्वतः पैसे देऊन वस्तू विकत घेणारा आणि अनुभव सांगणारा ग्राहक हा पहिला वर्ग. त्याचा वापर सहसा ‘व्यापाराच्या ओघात’ येत नाही. त्याच्या खऱ्या अनुभवकथनाला व्यापारचिन्ह कायद्याचा अडसर नसतो. असत्य विधानांबद्दल मात्र निंदेचा किंवा बदनामीचा दावा होऊ शकतो. बदनामी हा दिवाणी अपकृत्य असण्याबरोबरच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी गुन्हाही आहे.

मोबदला, मोफत वस्तू किंवा दलाली घेणारा समीक्षक हा दुसरा वर्ग. भारतीय जाहिरात मानक परिषद या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या स्वयंनियामक संस्थेने इन्फ्लुएन्सरसाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. त्यांनुसार असे व्यापारी संबंध दर्शकाला कळेल अशा रीतीने उघड करावे लागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच बंधन वैधानिक स्वरूपात आले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास वा शिफारस करणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने या प्राधिकरणाला दिला आहे. शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत, पुढील वेळी तीन वर्षांपर्यंत, शिफारस करण्यास मनाईही करता येते.

प्रतिस्पर्धी स्वतः हा तिसरा वर्ग. त्याने आपल्या नावाने उघडपणे तुलना केली तर ती तुलनात्मक जाहिरात ठरते आणि ती सत्य व पडताळण्याजोगी असल्यास वैध असते. ग्राहकाचे सोंग घेऊन लिहिलेली समीक्षा मात्र प्रामाणिक व्यवहारपद्धतीत बसत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० विक्रेत्याला स्वतःस ग्राहक म्हणवून समीक्षा लिहिण्यास मनाई करतात. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-समीक्षांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले. समीक्षा कशा गोळा कराव्यात, तपासाव्यात व प्रसिद्ध कराव्यात याची तत्त्वे त्यात आहेत. ते ऐच्छिक स्वरूपाचे आहे.

शीर्षक, बोधचिन्ह आणि शोधशब्द

समीक्षेच्या शीर्षकात किंवा हॅशटॅगमध्ये उत्पादनाचे नाव देणे हे विषय सांगण्यासाठी आवश्यक असते. परंतु वाहिनीच्या नावात, संकेतस्थळाच्या पत्त्यात किंवा मुखचित्रावर कंपनीचे बोधचिन्ह अशा रीतीने वापरले की ती कंपनीचीच अधिकृत वाहिनी वाटावी, तर कलम ३० चे संरक्षण मिळणे कठीण होते. गरजेपुरताच वापर करावा आणि कंपनीशी संबंध असल्याचा आभास निर्माण करू नये, या दोन कसोट्या येथे लावल्या जातात.

प्रतिस्पर्ध्याचे नाव शोधयंत्रावर जाहिरातीचा शोधशब्द म्हणून विकत घेणे हा निराळा प्रश्न आहे. गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये असा निर्णय दिला की, असा शोधशब्द हा जाहिरातीतील वापर ठरू शकतो. तरी संभ्रम किंवा अनुचित फायदा नसेल तर तेवढ्याने उल्लंघन होत नाही.

माध्यममंचांचे दायित्व

समीक्षा ज्या मंचावर प्रसिद्ध होते त्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ खाली मध्यस्थ म्हणून सशर्त संरक्षण असते. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार (२०१५) या निकालानुसार मजकूर हटविण्याचे वैधानिक बंधन न्यायालयाच्या आदेशाने किंवा शासकीय अधिसूचनेने निर्माण होते. केवळ खासगी तक्रारीने नाही. तथापि मंच आपल्या अंतर्गत धोरणानुसार तक्रारीवरून मजकूर काढू शकतात. त्यामुळे पुष्कळ वाद न्यायालयापर्यंत पोहोचतच नाहीत.

अधिकारक्षेत्र : वाशिम जिल्ह्याचे उदाहरण

समीक्षा कोठूनही लिहिली जाते. दावा कोठे चालेल हा प्रश्न महानगराबाहेरील समीक्षकासाठी निर्णायक ठरतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा आहे. व्यापारचिन्ह उल्लंघनाचा दावा कलम १३४ नुसार जिल्हा न्यायालयाहून कनिष्ठ न्यायालयात दाखल करता येत नाही. म्हणून वाशिम येथील व्यापाऱ्याने तेथीलच व्यक्तीविरुद्ध असा दावा करायचा झाल्यास तो वाशिमच्या जिल्हा पातळीवरील न्यायालयात करावा लागतो आणि त्यावरील अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. उच्च न्यायालयाचे मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र बृहन्मुंबईपुरते मर्यादित आहे.

मात्र याच कलमानुसार नोंदणीकृत चिन्हाचा मालक आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे दावा करू शकतो. परिणामी मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी मानोऱ्यातील समीक्षकाविरुद्ध मुंबईत दावा करू शकते, आणि बचावासाठी त्याला तेथे जावे लागते. या सवलतीचा उपयोग प्रतिवादीला त्रास देण्यासाठी होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध संजय दालिया या प्रकरणात मर्यादा घातली. वादीचे मुख्य कार्यालय जेथे आहे तेथेच दाव्याचे कारणही घडले असेल, तर त्याने शाखा असलेले दूरचे ठिकाण निवडू नये, असे न्यायालयाने म्हटले. ही मर्यादा कंपनीच्या मुख्यालयी होणाऱ्या दाव्यापासून मात्र बचाव देत नाही. याउलट ग्राहक म्हणून कंपनीविरुद्ध तक्रार करताना २०१९ च्या अधिनियमाने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याचा अधिकार दिला आहे. थोडक्यात, ग्राहकाची तक्रार त्याच्या जिल्ह्यात चालते; त्याच्या व्हिडिओविरुद्धचा दावा मात्र शेकडो किलोमीटर दूर चालू शकतो.

कृषी निविष्ठांच्या समीक्षा

वाशिमसारख्या सोयाबीन, तूर व कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात बियाणे, खते, कीटकनाशके आणि फवारणी पंप यांविषयी मराठीतून दिलेली मते शेतकऱ्यांच्या खरेदीवर प्रभाव टाकतात. येथे वस्तुस्थितीचे विधान आणि मत यांतील भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. ‘अमुक लॉटच्या शंभर दाण्यांपैकी चाळीस उगवले’ हे पडताळता येणारे विधान आहे, तर ‘हे बियाणे मला पसंत पडले नाही’ हे मत आहे. ‘ही कंपनी बनावट बियाणे विकते’ असे म्हणणे हा आरोप होतो आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येऊ शकते. पेरणीची खोली, पाऊस व साठवण यांचाही उगवणीवर परिणाम होत असल्याने एका शेतातील अनुभवावरून संपूर्ण नाममुद्रेविषयी निष्कर्ष काढणे कायद्याच्या दृष्टीने जोखमीचे असते.

खरीप २०२० मध्ये सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ‘ग्राहक’ म्हणून आयोगाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात मान्य केले आहे. खरेदीची पावती, पिशवीवरील लॉट क्रमांक, शिल्लक नमुना आणि कृषी विभागाचा पंचनामा ही कागदपत्रे तक्रारीत जशी उपयोगी पडतात, तशीच समीक्षेतील विधान खरे असल्याचे दाखविण्यासाठीही पडतात. कृषी सेवा केंद्राच्या चालकाने दुसऱ्या कंपनीच्या मालावर केलेली टीका मात्र प्रतिस्पर्ध्याची तुलना म्हणून तपासली जाईल.

कायदेशीर नोटीस आणि उपाय

उल्लंघन सिद्ध झाल्यास कलम १३५ नुसार न्यायालय मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई किंवा मिळविलेल्या नफ्याचा हिशेब असे उपाय देऊ शकते. प्रत्यक्षात बरीच प्रकरणे नोटिशीच्या टप्प्यावरच संपतात. एप्रिल २०२३ मध्ये ‘बोर्नव्हिटा’तील साखरेवर टीका करणारा एक बहुचर्चित व्हिडिओ कंपनीच्या नोटिशीनंतर त्याच्या निर्मात्याने स्वतःच मागे घेतला, त्यावर कोणत्याही न्यायालयाचा निर्णय झाला नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने बोर्नव्हिटासह अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून वगळण्यास ई-वाणिज्य कंपन्यांना सांगितले.

निराधार धमक्यांविरुद्ध कलम १४२ मध्ये प्रतिउपाय आहे. उल्लंघनाच्या दाव्याची अकारण धमकी मिळालेली व्यक्ती ती धमकी असमर्थनीय असल्याची घोषणा, मनाई आणि भरपाई मागू शकते. चिन्हाच्या मालकाने तत्परतेने प्रत्यक्ष दावा दाखल केला, तर हा उपाय राहत नाही.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत ‘नामनिर्देशक न्याय्य वापर’ हे तत्त्व ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ या गायकवृंदाच्या १९९२ मधील खटल्यात प्रस्थापित झाले. नाव घेतल्याशिवाय वस्तू ओळखता न येणे, गरजेपुरताच वापर करणे आणि मालकाचा पाठिंबा असल्याचे न सुचविणे या त्याच्या तीन कसोट्या आहेत. ग्राहकाला समीक्षा लिहिण्यास बंदी करणाऱ्या प्रमाणित करारातील अटी तेथे २०१६ च्या कायद्याने निष्प्रभ केल्या. युरोपीय संघात २००६ च्या निर्देशानुसार तुलनात्मक जाहिरात सशर्त वैध आहे. परंतु लॉरियल विरुद्ध बेलूर (२००९) या निकालाने प्रसिद्ध अत्तरांशी साम्य सांगणाऱ्या तुलनातक्त्यांना आळा घातला. भारतीय अधिनियमाचे कलम ३० या दोन्ही परंपरांच्या मधोमध उभे आहे. ते नाव घेण्याची मुभा देते, परंतु प्रामाणिकपणाची अट घालते.

मतभेद

समीक्षेवर व्यापारचिन्ह कायदा लावण्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एका मतानुसार मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्या समीक्षकाच्या एका चुकीच्या विधानाने वर्षानुवर्षे कमावलेला लौकिक क्षणात ढासळू शकतो. म्हणून कठोर जबाबदारी योग्य आहे. दुसऱ्या मतानुसार कलम २९(८) मधील ‘लौकिकाच्या विरुद्ध’ हे शब्द समीक्षेला शब्दशः लावले, तर प्रत्येक प्रतिकूल पण खरे परीक्षणही उल्लंघन ठरेल. त्यामुळे हे पोटकलम केवळ स्पर्धकाच्या जाहिरातीपुरते मर्यादित ठेवावे आणि समीक्षेतील असत्याचा विचार निंदेच्या कायद्याखाली करावा, असे या मताचे प्रतिपादन आहे. दुसऱ्या मार्गाचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे, कारण निंदेच्या दाव्यात विधानाचे असत्य वादीला दाखवावे लागते, तर चिन्हाच्या दाव्यात आपला वापर कलम ३० मध्ये बसतो हे सांगण्याचा भार समीक्षकावर येतो.